अंक अडतिसावा

सात तारखेला आप्पांचा पगार, आठला धायगुडेंचा स्टॉल.
खडकी बाजारात, सायकलच्या दुकानाला चिकटून,
दोरीवर चिमट्यांनी टांगलेले अंक,
धुऊन वाळत घातल्यासारखे.
सव्वा रुपया. सुटे द्या, धायगुडे म्हणायचे,
आणि आमचे हात तपासायचे, पुढून, मागून,
शाळेतल्या बाईंपेक्षा कडक.

आमचा होता तुफान तांडेल.
डोक्याला लाल रुमाल, कमरेला कोयता.
छपाईत लाल रंग नेहमी जरा सरकलेला,
म्हणून रुमाल डोक्याच्या शेजारी तरंगायचा
आणि ओठ गालावर.
आम्हाला वाटायचं, खवळलेल्या समुद्रात
माणूस असाच दिसत असणार.
समुद्र आम्ही कुठे पाहिला होता?
होळकर पुलाखालची मुळा,
तिच्यात एखादी म्हैस, बस.

आधी दिगू वाचणार, कारण तो मोठा.
मी समोर बसून उलटं वाचायचे.
अजून येतं मला.
बँकेत साहेबांच्या टेबलावरची कितीतरी पत्रं
मी अशी, त्यांच्याकडे बघून हसत, वाचून काढली.
स्वतःच्या बदलीचंसुद्धा.

सदतिसाव्या अंकात
अष्टपादानं तांडेलचा पाय धरला.
दिवा विझला. अख्खी चौकट काळी,
काळ्यात फक्त दोन डोळे,
आणि खाली कोपऱ्यात: क्रमशः

त्याच महिन्यात पिंपरीला आप्पांच्या कंपनीला टाळं लागलं.
घरात कोणी काही बोललं नाही.
चहा जरा काळा झाला, एवढंच.
आप्पा सकाळी तशीच सायकल पुसायचे,
डबा अडकवायचे, आणि बंद गेटसमोर बसून
संध्याकाळी वेळेवर घरी यायचे.
आठ तारीख आली.
आम्ही दोघं बाजाराकडून न जाता
रुळांच्या कडेकडेनं शाळेत गेलो.
असं ठरलं नव्हतं. पाय तसे वळले.

मला रात्री झोप येईना.
पांघरुणाखाली कोणीतरी पाय ओढायचं.
तिसऱ्या रात्री दिगू कुजबुजला,
वाचला मी. धायगुडेंकडे, उभ्या उभ्या.
मग? काय झालं?
काय होणार? तांडेलनं कमरेची तिखटाची पुडी सोडली.
पाण्यात?
पाण्यातच. अष्टपाद शिंकला.
आठही पायांनी स्वतःचं नाक शोधायला लागला.
सापडेचना.

मी इतकी हसले
की आई दिवा लावून बघायला आली.

पुढे पगार सुरू झाला, दुसऱ्या कंपनीत, कमी.
दिगू आयटीआयला गेला.
अंक आम्ही पुन्हा घेतले नाहीत.
का, ते आठवत नाही.

गेल्या बुधवारी जुन्या बाजारात,
पितळी नळ आणि बंद घड्याळांच्या मधे,
प्लास्टिकच्या पिशवीत, गंजक्या पिनांचा:
अंक अडतिसावा.
मावशी, दुर्मिळ आहे, पोरगा म्हणाला. साडेतीनशे.
तीनशेला दिला.
जुन्या हेल्मेटांच्या ढिगाशेजारी
वाचला मी. उभ्या उभ्या.

पान दोन. वरून एक बोट येते.
कोणी कप्तान बंदूक झाडतो. धाड.
अष्टपाद मेला. अर्ध्या पानात.
उरलेल्या अर्ध्यात केसांच्या तेलाची जाहिरात.
रंग मात्र तसाच सरकलेला,
रक्त अष्टपादाच्या बाजूला, पाण्यात,
कोणाचंच नसल्यासारखं.

चिंचवडला दिगूला फोन लावला.
गुडघा बदललाय त्याचा, वॉकर घेऊन घरात फिरतो.
म्हटलं, तू तो अंक वाचलाच नव्हतास.
जरा वेळ वॉकरची टकटक.
धायगुडे फुकट हात लावू द्यायचे का?
मग, कितीला घेतलास?
तीनशे.
फसवलं तुला.

पुन्हा टकटक. खिडकीपर्यंत गेला असावा.
पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी.
मी ठेवणारच होते फोन, तेव्हा
हळूच, वहिनीला ऐकू जाणार नाही असं:
एकोणचाळिसावा होता का गं तिथे?