कडता

मी मार्केट यार्डात तोलार.
हळदीचं पोतं काट्यावर चढलं
की आधी कडता धरायचा:
माती, धूळ, बारदानाचं वजन,
मालात जे मोजत नाहीत ते.

हे सांगायचं कारण असं
की परवा मंडळाच्या सेक्रेटरींनी
मैदानाला दोरी बांधली.
दोरीपलीकडं सोफे, सोफ्यांना पांढरी कव्हरं,
समोर काजूच्या बशा.
अलीकडं आम्ही.
दस्तगीर म्हणाला,
"गेल्या साली इथनं पंच दिसत हुता,
आवंदा नुसती शिट्टी ऐकू येतीया."

सात वर्षं झाली, आमचा संघ हरतोय.
मध्ये एकदा जिंकला, नाही म्हणायला.
समोरच्यांची जीप तासगाव रोडला पंक्चर झाली,
ते आलेच नाहीत, पंचांनी निकाल दिला.
त्याचाही गुलाल आम्ही उधळला.
हलगीवाल्याचे दोनशे रुपये
अजून माझ्याकडं लागतात.

पुराच्या साली हॉलात छातीएवढं पाणी.
उतरलं तेव्हा मॅट कुठं आणि गाळ कुठला, कळेना.
सुशीलाक्कानं भडंगाची कढई पालथी घातली
आणि पदर खोचून आली.
तीन दिवस आम्ही मॅटचे तुकडे
टँकरच्या पाण्यानं घासत होतो,
शाळेच्या कंपाउंडवर वाळत घालत होतो.
दोनशे अडतीस.
मोजण्यात माझी चूक होत नाही.
एक सापडला नाही. कोपऱ्यात ते भोक अजून आहे,
चढाईला जाणारं पोरगं
तिथं बघून पाय टाकतं.

नंतर आभाराचा बोर्ड लागला.
सोनार, सिमेंटवाले, पतसंस्था,
फोटोसकट एक नगरसेवक,
आणि तळाला, खिळ्याच्या खाली,
"व इतर."
अक्काला वाचता येत नाही.
तिनं विचारलं, आपलं कुठाय?
मी बोट ठेवलं.
ती म्हणाली, एवढंसंच?
मग म्हणाली, ऱ्हाऊंदे. खिळा तरी आपल्यावर हाय.

काल एक्केचाळीस–सतरा.
सोफे मध्यंतरालाच रिकामे झाले होते
तरी दोरी सोडली नाही कुणी.
शेवटच्या पाच मिनिटांत
आख्ख्या मैदानात आवाज फक्त आमचा,
तोही दस्तगीरचा घसा बसलेला.
शिट्टी झाली. पोरं मागच्या गेटनं जीपमध्ये.
पूर्वी निदान इकडं बघून हात करायची.
आता म्हणे तसं सांगितलंय,
हरल्यावर लोकांसमोर जायचं नाही,
बरं दिसत नाही.

कुणाला बरं दिसत नाही?

माझ्या पिशवीत गुलालाची पुडी.
तीन सालांपूर्वीची. ओल धरून दगड झालीय.
काट्यावर टाकली तर
पाव किलो भरेल अजून.

आम्ही भडंगाचा शेवटचा कागद संपवत होतो
तेवढ्यात नेमिनाथ परत आला.
मगदुमांचा धाकटा, राखीव खेळाडू,
दोन सालांत एकदा मॅटवर उतरलेला.
चप्पल विसरली होती.
चप्पल सापडली तरी तो उभाच.
अक्कानं कागद पुढं केला.
त्यानं कांदा बाजूला काढत खाल्लं, बराच वेळ,
मग विचारलं,
"तुम्ही का येता ओ?"

दस्तगीर खोकला.
मी उगाच दोरीची गाठ बघत राहिलो.
गाठ चांगली होती, गोणीला मारतात तशी,
आमच्यातल्याच कुणा हमालाकडून बांधून घेतली असणार.
अक्का म्हणाली,
"तू कांदा का काढतोस ते सांग आधी."

तो हसला.
सात वर्षांत त्या जर्सीत
हसलेलं पोरगं मी पहिल्यांदा बघितलं.

जाताना म्हणाला, रविवारी वाळव्याला मॅच आहे.
पण जीपमध्ये यंदा पाहुणे आहेत,
तुम्हाला जागा नाही, असं सेक्रेटरी म्हणत होते.
सांगू का नको, असं झालेलं त्याला.

एसटी आहे की साडेआठची, मी म्हणालो.

तो गेल्यावर आम्ही हिशेब केला.
हलगीवाला येणार नाही.
रमजान असल्यानं दस्तगीरचा रोजा,
ओरडणं जमायचं नाही, पण येतो म्हणाला.
अक्काचा गुडघा. माझा काटा.
सगळा कडता धरून
तिघं भरतो.