डावं-उजवं

देवराईत पुरलेले बारा पेले,
चिरेखाणीच्या कडेला बारा.
तळाशी साबणाचं पाणी,
वर चार काड्यांवर पत्र्याचा तुकडा.
तिसऱ्या दिवशी उपसून आणते.
वाटेत गुरवकाका विचारतात,
"डोंगळेच का गं? वाघबिघ नाही मिळत?"
मी सांगते, वाघ पाय मोजू देत नाही.

राजापुरात, कॉलेजच्या मागच्या खोलीत,
भिंगाखाली एकेक डोंगळा.
मागच्या पायाची नळी: डावी. मग उजवी.
मग वही झाकून
पुन्हा डावी, पुन्हा उजवी,
कारण हात माझाही थरथरतो
आणि माझी थरथर
त्याच्या खात्यावर जाता कामा नये.

दोन्ही बाजूंना निरोप एकच गेलेला असतो:
इतकंच वाढ.
राईत तो दोन्हीकडे पोचतो, बहुतेक.
खाणीकडेला वारुळावरून डंपर जातो,
चिरा कापायचं पातं दिवसभर ओरडतं,
करवंदीची जाळी होती तिथे आता लाल खड्डा.
आत कुठेतरी, काळोखात,
अळी वाढत असताना
निरोप एका बाजूला अर्धवट ऐकू येतो.
कधी डावीला, कधी उजवीला. नेम नाही.
फरक केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

चालताना काही दिसत नाही.
तोही रांगेत असतो,
तोंडात तांदळाची कणी.

बावा शिंपी. त्यांना हे सांगितलं तर
मशीन न थांबवता म्हणाले,
"यात नवीन काय?"
आणि खिळ्यावरची मापांची वही पुढे सरकवली.

सिदगोंडा, विजापूरकडचा, खाणीवर सहा वर्षं:
उजवा खांदा पाऊण इंच खाली.
त्याची बायको महादेवी: अर्धा. डावा.
रझाक डंपरवाला: उजवी बाही लांब घेणे.
"पहिल्या वर्षी आले तेव्हा सरळ होते.
जुनी पानं बघ."
गिऱ्हाइकाला बावा हे सांगत नाहीत.
उतरत्या खांद्याखाली
कापडाची एक घडी जास्त घालतात.
आरशात माणूस सारखा दिसतो,
पैसे देतो, जातो.

मी म्हटलं, बावा, हे वेगळं.
यांचे खांदे ओझ्यानं उतरले.
डोंगळा कोषातून निघतो तोच तसा.

बावांनी दातानं दोरा तोडला.
"आणि महादेवीचा पोरगा?
तो तर खाणीवरच झाला."
मग स्वतःच म्हणाले,
"अजून मापाला आला नाही."

दोनशे सतरा डोंगळे झाले.
राईतल्याही काहींचे पाय असमान निघाले,
तेही लिहिते.
डावं-उजवं करायचं नाही
हे घरातच शिकलेय.
सर म्हणतात, फरक आहे, पण थोडा आहे,
अजून दोनशे मोज.

जूनच्या पहिल्या आठवड्यात
महादेवी पोराला घेऊन आली,
शाळेचा शर्ट शिवायला.
बावांनी चष्मा शोधायचं निमित्त केलं
आणि टेप माझ्या हातात दिली.

मी डावा खांदा धरला. मग उजवा.
पोरगा गुदगुल्यांनी वळवळत होता,
हसत होता,
आकडा ठरू देईना.
मी पुन्हा टेप लावली.