कसोटी

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी,
दुसऱ्या मजल्यावर मैडकाकांची पेढी.
मी म्हटलं, पत्रा हवाय. चोख.
जाडी केसाच्या निम्मी, चकती करंगळीच्या नखाएवढी.
चष्म्यावरून बघत ते म्हणाले,
"कुठला डाग घडवायचाय?"
"डाग नाही. न्यूट्रॉनांच्या वाटेत ठेवायचाय.
किती गिळतो ते बघायचंय."
पावतीवर त्यांनी लिहिलं: शैक्षणिक.

गणेशखिंडीत, तळघरात, मेणाच्या ठोकळ्यात
स्रोत आहे. त्याला दिवाळीची सुट्टी नाही.
मेण न्यूट्रॉनांना दमवतं.
धावत आलेला सोन्यातून बहुधा तसाच निघून जातो,
दमलेला रेंगाळतो, आणि रेंगाळला की सापडतो.
आमच्या सोसायटीच्या गेटावरचे पेन्शनरही
घाईतल्या माणसाला सहसा गाठत नाहीत.

सापडण्याची शक्यता मोजायची
आणि एकक मात्र क्षेत्रफळाचं,
हे मला कधी पटलं नव्हतं.
उकिडवे मॅडमनी फळ्यावर ठिपका काढला,
भोवती वर्तुळ.
"ठिपका म्हणजे केंद्रक. वर्तुळ म्हणजे
येणाऱ्याला ते केवढं वाटतं. काटछेद."
"म्हणजे वर्तुळ खोटं?"
"खोटं कसं? ठिपका तेवढाच राहतो.
वर्तुळ पाहुण्याच्या चालीवर ठरतं."
मग डस्टर घेऊन त्यांनी ठिपका पुसला,
वर्तुळ ठेवलं.

त्याचं एकक बार्न. बार्न म्हणजे गोठा.
युद्धाच्या दिवसांत कुणीतरी थट्टेनं ठेवलेलं नाव:
एवढा मोठा गोठा समोर असताना नेम चुकेल कसा!
चौरस सेंटिमीटरचा दशांश मांडा,
चिन्हापुढे तेवीस शून्यं, मग एक.
एवढा गोठा.
सोन्याला असे अठ्ठ्याण्णव आणि वर थोडं,
कॅडमियमला जवळजवळ अडीच हजार,
आणि शिसं, एवढं जड म्हणून मिरवणारं,
त्याच्या नावावर पाव गोठाही नाही.

मला टँटलमचा आकडा हवा होता.
तो पुस्तकात आहे. तरी आपल्या हातानं काढायचा.
शेजारी सोनं, साक्षीला,
कारण त्याचा आकडा जगानं घासून घासून पक्का केलाय.
दोघं एकाच माऱ्यात, नऊ दिवस.

गिळताना कुणी दिसत नाही.
नंतर लागणारी उचकी मोजायची.
सोन्याची उचकी चारशे बारावर,
पडद्यावर एक टेकाड हळूहळू वर येतं.
सोनं कुणाची आठवण काढतं कोण जाणे;
उचकी देऊन तो अणू पारा होतो.

रात्री अडीचला सोपान वाघचौरे चहा घेऊन आले.
टिकटिक ऐकत उभे राहिले.
"आत्ता वाजला तो, तोच का?
त्याच्या शेजारचा का नाही?"
मी म्हटलं, ते कुणालाच सांगता येत नाही.
सगळे मिळून किती, ते मात्र येतं.
ते म्हणाले, "आम्ही दोघं भाऊ
एकाच ओतकामाच्या भट्टीवर होतो. चिंचवडला.
छाती त्याचीच गेली."
मशीन वाजत राहिलं.
वहीत मी तेवढ्या वेळातले आकडे लिहिले,
दुसरं काही लिहिता आलं नाही.

एकोणीस पूर्णांक आठ, अधिक-उणे एक पूर्णांक एक.
मॅडमनी खाली सही केली, म्हणाल्या,
"अधिक-उणे खोडू नकोस कधी. तेच आपलं खरं बोलणं."

सहा महिन्यांनी, सोनं निवल्यावर, चकती परत नेली.
"घट किती?" काकांचा पहिला प्रश्न.
"थोड्या अणूंचा पारा झालाय."
त्यांनी तराजूत टाकली. काटा हलला नाही.
काळ्या दगडावर घासली,
पिवळी रेघ उमटली,
उजेडाकडे धरून दगड बराच वेळ पाहिला.
"सोनंच आहे," म्हणाले,
आणि मग, जरा थांबून,
"तुमचं ते अधिक-उणे आम्ही पावतीवर लिहिलं ना,
तर गिऱ्हाईक जोड्यानं मारील."
पावती मात्र त्यांनी जपून ठेवली होती.
'शैक्षणिक'च्या खाली लिहिलं: जमा.
आणि पुढे, बारीक अक्षरात, बहुतेक.