नळाशी, राखेच्या बुधवारी

मंगळवारी दुपारी मी झावळ्या जाळतो.
सव्वीस वर्षं झाली. डबा तोच, पामतेलाचा,
बुडाला खिळ्याने भोकं पाडलेला,
चर्चच्या मागे, जनरेटरच्या आडोशाला.

मरोळ गावठाणातून लोक पिशव्या आणून देतात :
गेल्या वर्षीच्या झावळ्या, आशीर्वादाच्या,
घराघरांत वर्षभर सुकलेल्या.
नाव कुणी लिहीत नाही. मला लागतही नाही.

ही चिकट, फोडणीच्या वासाची, कोंसूमावशीची,
गॅसच्या वर खोचलेली.
हिच्या देठाला पालीची दोन अंडी, फुटून गेलेली.
आणि ही सुबक, गुलाबासारखी विणलेली,
अजून चकचकीत कागदात :
ही डायसांच्या गाडीत काचेशी असते.
डायस सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणतात.
नाताळच्या मध्यरात्री त्यांचा ड्रायव्हर
बाहेर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता,
आत आम्ही गोठ्यातल्या बाळासाठी गात होतो.

काठीने डबा ढवळत मी एकेकाचा न्याय करतो.
खरं सांगायचं तर
वर्षातली ही दुपार मला फार आवडते.

माझी झावळी शेवटी.
ती अल्तारावर नव्हती.
ती होती हिरव्या फाइलीत,
आंतोन विरुद्ध रेमेद, दिंडोशी कोर्ट,
मागची खोली आणि विहिरीकडची साडेतीन फूट जागा.
तारखेला जाताना पाठीशी कुणी असावं
म्हणून ठेवली होती.
देवाला मी साक्षीदार केला, न विचारता,
बहिणीच्या विरुद्ध.
पात्यावर नोटरीच्या शिक्क्याची
जांभळी शाई उमटलेली.

रेमेदनेही पाठवली, पोराच्या हातून,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
मी उघडून पाहिली नाही.
खोटं.
पाहिली.
आईच्या फोटोमागची होती,
हाराचा दोरा अजून अडकलेला.

दोरा मी काढून खिशात ठेवला.
का ते विचारू नका.

सगळं पेटलं, पाच मिनिटांत बसलं.
चहाच्या गाळणीने राख चाळली.
डायसांचा गुलाब कुठला, मावशीचं तेल कुठलं,
शिक्का कुठला,
काही लागेना.

सकाळी साडेसहाची मिस्सा.
फादर ओस्वाल्ड सांगत होते,
उपास कराल तर तोंड पाडून हिंडू नका,
तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका.
आणि मग एकेकाला बोलावून
कपाळावर काळा क्रूस काढत होते.
कुणीच हसलं नाही. मीही नाही.

रांगेत माझ्यापुढे रेमेद.
मान आईसारखीच डावीकडे जराशी कललेली.
तिच्या कपाळावरून फादरांचा अंगठा
बशीत बुडाला आणि माझ्यावर आला.
माती आहेस, म्हणाले.
तिलाही तेच म्हणाले होते.
ती वळली तेव्हा मी चपलेकडे पाहिलं.

आता मी आवारातल्या नळाशी.
साडेनवाला सहारला, कार्गोच्या ऑफिसात.
राख ठेवली तर खाडे विचारेल, हे काय लागलं?
मी हळू आवाजात समजावीन,
आणि तो हळू आवाज मला आवडेल.
धुतली तर म्हणायचं, फादरांनीच सांगितलं,
पण धुणार मी खाडेच्या धाकाने.
हात ओंजळीत धरलेले. नळ सुरू.

इनासबाय आली, पाटी टेकवली.
घाम डोळ्यांत उतरत होता,
पदराने कपाळ पुसलं खसाखसा,
क्रूस गेला,
तिला कळलंही नाही.

सर की जरा, हात धुते. पाणी कवा धरून बसलास?
बोंबील हाय. कालचा हाय, आधीच सांगते.
रेमेदला वाटा दिला, तुला बांधू?

मी बाजूला झालो.
खिशात दोरा होता.
किती, असं काहीतरी विचारलं मी,
पाणी वाहतच होतं.