दोन आठांच्या मध्ये

सेल संपत आले की टेप हळू होतो,
म्हणून संपत आलेले सेल मी जपून ठेवतो.
घड्याळातले, बॅटरीतले, शेजारच्या पोराच्या मोटारीतले.
डब्यावर लिहिलंय : फेकू नये, शिकायला लागतात.

नव्या सेलवर ती जागा दोन सेकंदांत निघून जाते,
साखर पेठेच्या बोळातून फटफटी जावी तशी.
मरत्या सेलवर चालत येते.
गाणाऱ्या बाईचा पुरुष होतो,
सूर दीड घर खाली घसरतो,
मीही तारा तेवढ्याच उतरवून घेतो
आणि वाट बघत बसतो.

दिवसा मी जकार्डचे पुठ्ठे पाडतो.
टॉवेलावरचा मोर, चादरीवरचा हत्ती,
आधी चौकटीच्या कागदावर, मग भोकांत.
भोक असेल तर हूक वर, दोरा वर.
नसेल तर गप.
म्हणून त्या परदेशी पुस्तकातल्या दहा आडव्या रेघा
पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा घाबरलो नाही.
रेघ म्हणजे तार. आकडा म्हणजे घर.
आकड्याला अक्षर चिकटलं असेल तर पायाची पट्टी दाबायची.
रिकामी जागा, गप.
हे तर आपलंच काम, म्हटलं,
फक्त मोर दिसत नाही.

वाद्य लतीफ नदाफनं जुळवून दिलं,
अक्कलकोट रोडच्या भंगारातून :
मोडक्या मागाची चौकट, शिलाई मशीनचे पाय,
सायकलच्या ब्रेकच्या तारा,
आणि तारांवर फिरवायची सळई म्हणजे
पिकरच्या गजाचा तुकडा, आरशासारखा घासलेला.
"गिटार हाय का माग हाय बे हे?" लतीफ म्हणाला,
"पायानं वाजवतेत व्हय?"

तर ती जागा अशी :
पाचवी तार, आठवं घर.
मग तीच तार, तेच घर, पुढे पहिल्या पट्टीचं अक्षर.
वरची तिसरी तार हलत नाही,
खालची तिच्याकडे चढत जाते.
बस्स. एवढंच.
सोळा रात्री मी पट्टी दाबली
आणि सोळा रात्री कुणीतरी दार लोटल्यासारखा आवाज आला.
टेपमध्ये दार नाही.
टेपमध्ये कुणीतरी झोपलेल्या माणसाच्या अंगावरून
चादर वर ओढतंय.
कागदावर दोन आठांमध्ये बोटभर जागा आहे,
त्या जागेत काय करायचं ते छापलेलं नाही.

नानांना ऐकू येत नाही.
आधी खड्डामाग, मग पॉवरलूम,
कान कधी गेले ते त्यांनाही सांगता येत नाही.
परवा रात्री लाइट गेली,
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले,
आणि नाना जागे झाले,
कारण जमीन थरथरायची थांबली.
मेणबत्ती घेऊन आले. बसले.
माझ्या हातांकडे बघितलंच नाही,
बघत राहिले पायाकडे.
मग तळवा चौकटीवर टेकवला.

मी दाबलं.
नानांनी तोंड वाकडं केलं,
आंबलेला ताक प्याल्यासारखं.
"मेल्लगा," म्हणाले. हळू.
"पावडी मारायची नसते रे.
पाऊल आधीपासून तिथं असतं.
नुसतं वजन देत जायचं.
दोरा तुटेल."
आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून
त्यांनी स्वतःच वजन दिलं,
हाताला पायाची आठवण होती.

तार चढायला लागली.
अर्ध्यावर असेल नसेल,
लाइट आली.
येमूलांचे माग, बोल्लींचे माग, कोपऱ्यावरचे,
सगळे एकदम धडधडायला लागले.
बरोबर लागला का, मला ऐकूच आलं नाही.
नानांनी तळवा मात्र काढला नव्हता.
बऱ्याच वेळानं काढला,
आणि काही न बोलता झोपायला गेले.

दोन आठांच्या मध्ये मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय :
दोरा तुटेल.
लतीफ ते वाचून खूप हसला.
मग पान्हा काढला
आणि पट्टीची स्प्रिंग एक आटा ढिली करून दिली.