तीन पुकारे

अमळनेर कोर्टाच्या पायऱ्यांलगत माझं टेबल,
वर लॅपटॉप, खाली इन्व्हर्टरची बॅटरी.
वॉरंट रद्दचा अर्ज मला तोंडपाठ आहे.
नाव बदलतं, नंबर बदलतो, तारीख बदलते,
कारण बदलत नाही.
"अर्जदार मागील तारखेस आजारी असल्याने..."
माझ्या फायलींत अख्खा तालुका
दर तारखेला तापाने फणफणलेला.

त्या सोमवारी झुलाल वंजी मोरेला
पोलिसांनी आणलं. अंगात रात्रीचंच बनियन,
केसांत कापसाचे तंतू.
चोरी दोन गोणी सरकीची, खटला चार वर्षांचा,
गेल्या तारखेला गैरहजर.
जामीन रद्द, मुचलका जप्त,
जामीनदाराला नोटीस.

जामीनदार लुनावरून मागोमाग आलाच.
नाव दगा. दगा तोताराम.
सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत.
मी नाव टाइप करताना हसले असेन,
"नाव मायनी ठेवेल शे," तो म्हणाला,
"मन्हं काम तसं नही."

वकील घाईत. "ताई, आजारी टाका."
झुलालने मान तिरकी करून उजवा कान पुढे आणला,
कोंबडा दाण्याकडे बघतो तशी,
आणि म्हणाला, "मी आठेच व्हतू."

आठेच म्हणजे?
त्या नळाजवळ. त्या बाकावर.
साडेदहापासून कोर्ट उठेपर्यंत,
मध्ये भाकर-ठेचा सोडून खाल्ला.
कोणी बोलावलंच नाही.

जिनिंगात एकवीस हंगाम.
त्या घरघरीने आधी डावा कान नेला,
मग उजव्याचा निम्मा.
शिपायाने तीन पुकारे दिले असतील,
देतोच तो, खड्या आवाजात,
मीही ऐकले असतील, बोटं न थांबवता:
झुलाल वंजी मोरे हाजिर हो.
आणि दहा हातांवर झुलाल वंजी मोरे
ठेच्याची बोटं पुसत बसलेला.

कर्सर लुकलुकत राहिला.
हजर माणसाच्या गैरहजेरीची माफी
कशी मागायची, नमुन्यात नाही.
वकील म्हणाले, "बहिरेपणाला पुरावा मागतील.
तापाचा दाखला शंभरात मिळतो."

मी लिहिलं: अर्जदार आवारात हजर होता.
त्यास ऐकू येत नाही.
पुकारा त्याच्यापर्यंत पोचला नाही.
वकिलांनी वाचलं, घड्याळ पाहिलं,
सही केली.

आतलं मला दगाने सांगितलं.
साहेबांनी विचारलं, कुठे होतास?
झुलाल गप्प.
पुन्हा विचारलं. गप्प.
तिसऱ्यांदा विचारताना साहेबांनी
पेन खाली ठेवलं.

पाचशे दंड. जामीन पूर्ववत.
मुचलक्यावर नवा अंगठा, दगाची नवी सही,
पुढची तारीख सतरा.
दंडातले तीनशे दगाने खिशातून काढले.
माझे चाळीस राहिले, मीही मागितले नाहीत.

सतराला झुलाल बाकावर बसलाच नाही.
थेट दाराच्या चौकटीशी उभा,
शिपायाच्या तोंडाकडे टक लावून,
त्या ओठांवर आपलं नाव कधी येतं ते बघत.
दर नावाला पाऊल जरासं उचलायचा,
परत ठेवायचा.

बाराच्या सुमारास बोर्डावर चिठ्ठी लागली,
साहेब रजेवर.
आवार हळूहळू रिकामं झालं.
मी उठून त्याच्या खांद्याला हात लावला,
मोठ्याने, सावकाश, दोनदा सांगितलं.

त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मंग मी आठेच थांबू?"