डोलोन चढण्याआधी

पहिल्या बर्फाला अजून आठवडा असेल.
नारिनमधल्या आमच्या अंगणात
ऑडीची पुढची चाकं फळ्यांवर चढवलीत,
नाक वर, ओढ्यावर पाणी पिऊन झालेल्या
घोड्यानं मान उचलावी तसं.
"हवेला अक्कल नसते," तोक्तोसुन म्हणतो,
"वर जाणं एवढंच तिला ठाऊक.
म्हणून वाटही वरच ठेवायची."

उन्हाळ्यात डोलोनच्या वळणावर नळी फाटली होती.
काटा तांबड्यात. मागच्या सीटवर
तीन बायका, एक कोकरू, लोण्याचे दोन डबे.
चिंधीनं नळी बांधून, ओढ्याचं पाणी पाजत पाजत
घरी आणली तिला.
तेच पाणी आज सकाळी खाली सोडलं,
जुन्या चहाच्या रंगाचं, तळाशी गंजाचा गाळ.
थंडीपर्यंत राहिलं असतं
तर इंजिन उकललं असतं भोपळ्यासारखं.

कुत्र्याला लांब बांधलंय.
कुलंट गोड लागतं म्हणे, आणि जीव घेतं.

केफिरची बाटली कापून केलेल्या नरसाळ्यातून
मी धार सोडते, हिरवी, बारीक.
हीटर पूर्ण उष्णावर. हीटरच्या नळीचा क्लॅम्प
दोन आटे सैल. तिथून फुसफुस,
मग फेस, मग थेंब थेंब.
"आता आवळ. आता चालू कर."

तोक्तोसुनला ऐकू येत नाही.
तीस वर्षं त्यानं झिल ट्रक चालवला
आणि झिलनं त्याचे कान खाल्ले.
तो वरची नळी मुठीत धरून दाबतो, सोडतो,
दाबतो, सोडतो,
घोडीच्या आचळाशी बसावं तसा,
आणि काचेतून माझ्या तोंडाकडं बघतो.
मी डॅशबोर्डाला कान लावलेला.
"काय म्हणते?"
"गुडगुडतंय."
"कुठं?"
मी बोटानं दाखवते: पायांपाशी. आता इथं, वर.
मग तळहात आडवा. थांबलं.
"थांबलं नाही. लपलं."

झडपांतून अजून गारच वारा.
थर्मोस्टॅट उघडलेला नाही.
"त्याचा तो उठेल," म्हणतो, आणि बिडीएवढी
उरलेली सिगारेट कानामागून काढून
परत कानामागं ठेवतो.
मग एकदम,
"बेगायिम तान्ही होती तेव्हा
ढेकर कसा काढायचीस तिचा?"
खांद्यावर घेऊन, मी खुणेनं सांगते, पाठ थोपटून.
"मी कधीच नाही काढला.
पाच झाली मला.
पाचही वेळा मी ओशच्या रस्त्यावर."

मग म्हणाला, "तू ये इकडं, बुरुलसुन. तू धर नळी."

जागा बदलल्या.
रबर कोमट होतं. मी दाबत राहिले.
टाकीच्या तोंडाशी आधी मोहरीएवढे बुडबुडे,
मग काही नाही, बराच वेळ काही नाही,
शेजारच्या जोर्कुलनं दोन बादल्या भरून नेल्या,
वर कोणाची तरी मेंढरं कुरणातून उतरत होती,
आणि अचानक एक मोठ्ठा,
आतून, कुठूनतरी तळातून,
फुटला तो थेट माझ्या ओठांवर.
थुंकले. तोंड धुतलं. परत आले तर
पातळी चार बोटं खाली.
एवढी हवा घेऊन मी खिंडी चढत होते तर!
बाटली उचलली, पुन्हा ओतलं.

खालची नळी हाताला चटका देऊ लागली.
पंखा फिरला, थांबला.

मान वर केली तर काचेआड तोक्तोसुन,
टोपी मांडीवर,
दोन्ही पंजे झडपांसमोर धरलेले,
तंदुराशी बसलेल्या माणसासारखे.
त्याचे ओठ हलले.
इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.
मी हातानंच विचारलं, काय?
त्यानं मान हलवली, काही नाही,
आणि हात तिथंच ठेवले.

उद्या गार झाल्यावर झाकण उघडून बघायचंय.
अर्धा पेला तरी आणखी लागेल.